आजचं बरं

माळेगाव बुद्रुकला कारखान्याच्या रस्त्यावर मुनिराचं बांगड्यांचं दुकान आहे. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिच्याच हातून चुडा भरून बोहल्यावर चढल्या. हात कितीही आखडलेला असो, मुनिरा तो असा काही चोळायची, बोटं अशी काही दुमडायची, की बांगडी कधी आत गेली ते बाईला कळायचंही नाही. त्याच मुनिराच्या दोन्ही किडन्यांनी पन्नाशीच्या अलीकडंच हात टेकले. डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून डॉक्टरांनी तिच्या डाव्या मनगटात शिरा जोडून फिस्टुला केला आणि बजावलं, "या हातात आता बांगडी नाही, घड्याळ नाही. वजनही उचलायचं नाही."

"मग ह्या हाताचा उपेग काय?" तिनं विचारलं.

"हाच हात तुम्हाला जगवणार आहे," डॉक्टर म्हणाले.

मुनिराला ते काही पटलं नाही. दुकानात बसली की ती तो मोकळा हात पदराखाली झाकून ठेवायची. बांगडीवालीचाच हात उघडा, लोक काय म्हणतील, हेच तिच्या डोक्यात.

आठवड्यातून तीनदा तिचा नवरा रसूल तिला आपल्या छोट्या टेम्पोतून बारामतीला डायलिसिसला नेऊन सोडायचा. तिथं तिच्या एका बाजूला सांगवीची बनाबाई असायची. सत्तरी उलटलेली, अंगानं काटकुळी, तोंडानं तिखट. दुसऱ्या बाजूला कळसचे मानसिंगतात्या. उसाचे बागाईतदार. आवाज असा की ह्या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला फोन करायची गरज नाही.

या तात्यांनी तिथं एक खूळ काढलं होतं. म्हणजे खूळ मूळचं त्यांच्या बायकोचं, सारजाबाईंचं. आजारपण लागल्यापासून तात्या घरात दिवसभर कण्हत आणि सगळ्यांवर करवादत. एका सकाळी सारजाबाईंनी चहाचा कप हातातच धरून ठेवला. "आज बरं काय झालं त्ये आधी सांगा. मग च्या." डायलिसिसच्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून मिळतं आणि चहा त्यातच धरतात. त्यामुळं अर्धा कप चहा म्हणजे सणच. तात्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "शेजाऱ्याचं कुत्रं आज भुकलं न्हाय." चहा मिळाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हळूहळू तात्यांना त्याची गोडी लागली आणि ते खूळ घेऊन ते बारामतीला आले.

रोज प्रत्येकानं 'आजचं बरं' सांगायचं. डायलिसिस नसेल त्या दिवशी फोनवर बोलून पाठवायचं. कालचं आज चालणार नाही. आणि देवाचं नाव घ्यायचं नाही.

"देवाचं आभार ज्यानं त्यानं आपल्या घरी मानावं," तात्या म्हणाले. "हितं आपल्या डोळ्यांनी बघितलेलं सांगायचं."

बनाबाईला हे लगेच जमलं. "म्हशीनं लाथ मारली, पर नेम चुकला," ती सांगायची. नाहीतर, "सुनंनं भाजी खारट केली, म्हणून मला खावी लागली न्हाय."

मुनिरा मात्र भिंतीकडं तोंड करून पडायची. एवढं बरं असतं तर आपण इथं कशाला आलो असतो, असं तिला वाटायचं. तात्या रोज विचारायचे आणि ती रोज डोळे मिटून घ्यायची. एकदा तात्यांचा घसा बसला होता. पहिले दोन तास त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. शेवटी घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलंच, "मुनिरा, आजचं बरं?"

"तुमचा घसा बसलाय, हेच बरं," मुनिरा म्हणाली.

बनाबाई अशी हसली की मशीन बघणारा अविराज धावत आला. त्याला वाटलं, सुई निसटली.

"धरलं," तात्या घोगरं हसत म्हणाले. "पयलं बरं धरलं."

मग मुनिरालाही सांगणं भाग पडलं आणि सांगायचं म्हणजे शोधणं आलं. सुरुवातीला ती कसंतरी उरकायची. आज सुई पहिल्या खेपेलाच बसली. आज दुकानात कुणी तब्येत विचारली नाही. पण शोधायची सवय लागली की डोळे आपोआप फिरतात. एका दुपारी रसूल टेम्पो लावून घरात आला, घामानं भिजलेला, आणि माठाजवळ न जाता सरळ मागच्या मोरीकडं गेला. मुनिरानं वाकून बघितलं. तिथं त्यानं एक तांब्या लपवून ठेवला होता. उभ्या उभ्या घटाघटा पाणी पिऊन त्यानं तोंड पुसलं आणि मग बाहेर येऊन तिच्यासमोर बसला.

मुनिराला आठवेना, ह्या माणसाला आपण शेवटचं पाणी पिताना कधी बघितलं. जेवताना नाही, चहाच्या वेळी नाही. तिला तहान लागू नये म्हणून तो किती महिने चोरून पाणी पीत होता, कुणास ठाऊक.

तिनं फोन तोंडाशी धरला, आणि बघितलं ते सांगितलं. तिनं ते तसंच दोघांना पाठवलं. संध्याकाळी बनाबाईचं उत्तर आलं, "आमच्या म्हाताऱ्यानं तर माज्या पुढ्यात तांब्या वाजवून पाणी पिलं असतं. जपून ठेव त्याला."

रसूलनं ते ऐकलं आणि लाजून टेम्पो पुसायला निघून गेला.

याच रसूलनं पुढं आपली एक किडनी मुनिराला द्यायचं ठरवलं. रक्तगट जुळला. घरात सगळ्यांना उमेद आली. पुढच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की रसूललाच साखरेचा आजार आहे, त्याची किडनी घेता येणार नाही. रसूल बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसला. आपलीच काही चूक झाल्यासारखा. त्याला बघून मुनिराला रडताही येईना.

त्या दिवशी तिनं काही पाठवलं नाही. संध्याकाळी तात्यांचा फोन आला. "होईल समदं बरं" असलं काही ते बोलले नाहीत.

"तुज्याकडं आज काय नसंल," ते म्हणाले. "मग माज्याकडचं एक ठेव. उसनं. आमच्या उसात आज मोराची पिल्लं दिसली. चार व्हती. चारी तुजी."

मुनिरा म्हणाली, "तात्या, चारी मला दिली तर तुमच्याकडं काय ऱ्हायलं?"

"त्यांची आई," तात्या म्हणाले.

असे दिवस चालले होते. आणि मग तात्यांचाच फिस्टुला बंद पडला. एकदा आधीही पडला होता. तेव्हा दुसऱ्या हातात नवा केला होता, आता तोही गेला. तात्पुरती मानेत नळी घातली. पुण्याला जाऊन दंडात तिसरा करावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मानेत नळी घेऊन तात्या एकदा बारामतीला आले, पण बोलले नाहीत. पुढच्या पाळीला आलेच नाहीत. फोनवर काही पाठवलंही नाही. त्यांचा पलंग रिकामा पडला, तेव्हा तिथला गोंगाट करणारा माणूस कोण होता ते सगळ्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनिरानं कळसला फोन लावला. सारजाबाई दबक्या आवाजात बोलल्या. "यायचं न्हाय म्हणत्यात. बास झालं म्हणत्यात. तोंड सुजलंय, कुणाचं ऐकंनात."

मुनिरानं दुकानाचं शटर ओढलं. अविराजला फोन करून एक मशीन मोकळं ठेवायला सांगितलं. रसूलनं टेम्पो काढला. वाटेत सांगवीहून बनाबाईला घेतलं. ती काठी घेऊन रस्त्यावर येऊनच उभी होती.

तात्यांची वस्ती कळसच्या बाहेर उसात. बाजेवर उशीला टेकून ते बसले होते. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. पाहुणे बघून ते फक्त "बसा" म्हणाले.

"आजचं बरं आणलंय तुमच्यासाठी," मुनिरा म्हणाली. "उसनं."

"नको," तात्या म्हणाले. "मी काय ते पुन्यांदा फेडायला ऱ्हाणार न्हाय. लई झालं. कापायचं, शिवायचं, पुन्हा बंद. तुमी जावा."

बनाबाईनं चार खरमरीत शब्द सुनावले. सारजाबाई रडल्या. तात्यांनी भिंतीकडं तोंड केलं. शेवटी रसूल म्हणाला, "चला, माणसाला जबरदस्ती करून उचलून न्यायचं का?" आणि तो टेम्पो वळवायला गेला.

रात्री कुणाच्या तरी शेताचा पाट फुटून पाणी वाटेवर आलं होतं. वळताना टेम्पोचं मागचं चाक बांधाकडंच्या चिखलात गेलं आणि रुतलं. रसूलनं गाडीला रेस दिली. चाक जागच्या जागी फिरलं, आणखी खाली गेलं. त्यानं पुन्हा रेस दिली.

घरात तात्यांनी मान वळवली. इंजिनाचा आवाज तिसऱ्यांदा चढला तसे ते बाजेवरून उठले आणि काठी टेकत दारात आले.

"रसूलभाई, रेस देऊ नका. टेम्पो पाताळात घालता का? सारजा, पाचट आण. त्या फडातलं. वाळलेलं आण, वलं नको."

सारजाबाई पळाल्या. मुनिरानं उजव्या काखेत उसाचं पाचट भरभरून आणलं. तात्या काठीनं दाखवत होते. चाकाच्या पुढं टाका, मागं नव्हं. आता दाबा. आता दगड लावा. दहा पावलं चालून ते चिखलापर्यंत आले आणि तिथंच बांधावर मटकन बसले. श्वास वर-खाली होत होता. मुनिरा त्यांच्याशेजारी बसली.

"दम लागतोय?"

"लागतोय." मग ते हळूच म्हणाले, "रातच्याला आडवं व्हता येत न्हाय. बसूनच काढतो."

"वहिनींना सांगितलं?"

"न्हाय. ती भिंल."

"आन तुमी?"

"मी बी भ्यालोय, मुनिरा. तिसरा बी बंद पडला तर?"

"पडंल बी," मुनिरा म्हणाली. "मग चौथ्याचं बघू. मी तुमाला खोटं कशाला सांगू? तुमी मोराची पिल्लं दिली तवा माझं दुखणं गेलं न्हवतं, तात्या. पर त्या राती मी येकटी न्हवते. आता मला तुमाला येकटं सोडून जाता येत न्हाय. टेम्पो निघाला तरी मी हितंच बसंन. माझी पाळी उद्या हाय. ती बी चुकंल."

"ही दमदाटी हाय."

"व्हय, हाय."

तेवढ्यात चाकाखाली पाचट बसलं. टेम्पोनं एक झटका दिला आणि चिखलाचा मोठा फवारा उडवत तो बाहेर निघाला. तो फवारा मागं काठी धरून उभ्या असलेल्या बनाबाईच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत बसला. बनाबाईनं शांतपणे पदरानं एक डोळा पुसला आणि त्या डोळ्यानं रसूलकडं बघितलं.

तात्या हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू. मुनिरानं त्यांची पाठ चोळली. शेवटी डोळे पुसून त्यांनी घराकडं हाक मारली, "सारजा, माझी पिशवी आण. आन कुलूप लाव."

तात्यांना पुढं रसूलशेजारी ताठ बसवलं. तिन्ही बाया मागं पोत्यांवर बसल्या. अंगावरचा चिखल वाळत चाललेली बनाबाई बारामतीपर्यंत रसूलच्या ड्रायव्हिंगबद्दल बोलत होती. अविराजनं मशीन तयार ठेवलं होतं. तात्यांना बघताच तो आधी रागावला, मग त्यानं उशी नीट केली. चार तासांनी तात्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा डोळे दिसायला लागले. त्या रात्री ते बिछान्यावर आडवे होऊन झोपले आणि सारजाबाईंनी पहाटेच मुनिराला फोन करून ते सांगितलं. आजचं बरं म्हणून त्यांनी ते सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त कुणालातरी सांगायचं होतं.

पुण्याला दंडात नवा फिस्टुला झाला. तो धरतो का नाही, हे कळायला काही आठवडे गेले. त्या काळात तात्यांची बरीच 'बरी' रडवेली असायची, कधी नुसतं "आज काय न्हाय" असायचं. तेव्हा कुणीतरी आपल्याकडचं देऊन टाकायचं. शेवटी एका सकाळी अविराजनं त्यांच्या दंडाला हात लावला आणि मान डोलावली. बनाबाईनं स्वतः उठून कान लावला. आत रक्त सळसळत वाहत होतं. "गिरणी चालू हाय," तिनं जाहीर केलं.

त्या आनंदात सारजाबाईंनी सगळ्यांना कळसला जेवायला बोलावलं. सगळ्यांच्या पथ्याची भाजी, दोनदा उकळून पाणी फेकलेली, वर लसणाची फोडणी. मीठ नावाला. बनाबाई म्हणाली, अशी भाजी तिनं जन्मात खाल्ली नाही, आणि पुन्हा वाढून घेतली. तात्या बसल्या जागेवरून साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात गप्पा मारत होते. सारजाबाईंच्या हातात बांगड्या भरायला म्हणून मुनिरानं पदर खोचला, तेव्हा तिचा डावा हात सगळ्यांसमोर उघडा होता. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

परतताना उन्हं उतरली होती. समोरून उसानं भरलेले ट्रॅक्टर येत होते आणि रसूल प्रत्येकाला वाट देत सावकाश चालला होता. मागं पोत्यावर बसल्या बसल्या बनाबाई मुनिराच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, तोंड उघडं ठेवून. मुनिराचा खांदा अवघडला. पण सांगवी येईपर्यंत तिनं तो हलवला नाही.