बोळक्यातला गूळ

क्षयाला आमच्या गावात नाव नव्हतं. "छातीचं" म्हणायचे, तेही दाराआड. ज्या सुनेला तो व्हायचा तिची रवानगी माहेरी, आणि माहेरानं दार लावलं तर गोठ्यात. रोग मारायचा कमी, घरचेच मारायचे जास्त. म्हणून मुक्ताबाईनं आपला रोग नवऱ्याला सांगितला, सासूला नाही.

मच्छिंद्र दवाखान्यातून गोळ्या आणून द्यायचा. मुक्ता एकेक गोळी गुळात वळून फळीमागच्या बोळक्यात ठेवायची आणि भाकरी थापता थापता तोंडात टाकायची. सासू गोजरबाई एवढंच म्हणायची, "गुळाचं लई याड हाय बया तुला!"

त्या दिवशी भैरोबाची अष्टमी होती. कुत्रं हे भैरोबाचं वाहन, त्याला त्या दिवशी गोड घालायचं. पण बहात्तरच्या त्या दुष्काळात घरात गोड कुठलं? मच्छिंद्र रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता, मुक्ता पाण्याला गेलेली. गोजरबाईनं फळी चाचपली तर बोळकं हाताला लागलं. सुनेनं नैवेद्याला गोळ्या वळून ठेवल्यात असं समजून म्हातारी हरखली. अंगणात बसून तिनं घरच्या कुत्र्याला, भुंग्याला, गोळ्या चारल्या आणि वर त्याच्या पाया पडली.

लांडगे घराच्या कुडापर्यंत यायचे, तरी शेळ्या शाबूत होत्या त्या या भुंग्याच्या जिवावर.

मुक्ता हंडा घेऊन आली तेव्हा भुंग्या भिंतीला धडकत चालत होता. बघता बघता आडवा झाला. पाय ताठ, तोंडाला फेस, सगळं अंग थडथड उडायला लागलं.

"कुचला! कुचल्याचं इख घातलं त्या शेजारच्या रोशनबीनं!" गोजरबाई कुडापाशी जाऊन ओरडली. "तुझी कोंबडी भुंग्यानं धरली म्हून मुक्या जिवावर उठलीस व्हय गं सटवे?"

कुडापलीकडून रोशनबी गरजली, "कोंबडी गेली माझी, आन इख बी मीच घालू? तोंड सांभाळ, गोजरे!"

मुक्ताची नजर अंगणात पडलेल्या बोळक्यावर गेली. तळाला चिकटलेली एकच गोळी राहिली होती. तिनं ती गोळी पदराच्या टोकाला बांधली. बोलली असती तर संध्याकाळी तिचं गाठोडं बाहेर पडलं असतं.

गोजरबाई ताकाचा तांब्या घेऊन धावली आणि कुत्र्याचा जबडा उचकटायला लागली.

"अगं मौशी, घशात अडकंल!" रोशनबीचा हैदर भाजीची हातगाडी ढकलत आला होता. "घाला वर गाडीत. डाक्टरकडं नेऊ."

"तुझ्या आईनं मारायचं आन तू वाचवायचं?"

"मारलं का न्हाई ते मागून बघू. पाय धर!"

जनावरांचा दवाखाना ओढ्यापलीकडं, माणसांच्या दवाखान्याला लागून. डॉक्टरनं आधी झटके थांबवायचं इंजेक्शन भरायला घेतलं आणि विचारलं, "काय खाल्लंय यानं?"

"कुचला," गोजरबाई म्हणाली. "ह्येच्या आईनं घातलाय. पोलिसात देनार हाय मी."

हैदरनं मान खाली घातली. गाडी ढकलून त्याचा सदरा घामानं चिंब झाला होता.

"न्हाई," मुक्ता म्हणाली. "गोळ्या खाल्ल्यात. माझ्या." तिनं पदराची गाठ सोडली. "छातीच्या. क्षयाच्या."

डॉक्टरनं गूळ खरवडून गोळी उजेडाकडं धरली. "किती?"

"पंधरा-सोळा."

"बरं झालं सांगितलंस. कुत्र्याला हे औषध फार वाईट. मी कुचल्याचंच धरून बसलो असतो." तो हैदरकडं वळला. "पळ शेजारी. म्हणावं, व्हिटॅमिन बी-सिक्सची इंजेक्शनं द्या, असतील तेवढी. क्षयाच्या गोळ्यांवर तोच उतारा."

हैदर पळाला.

इंजेक्शनं गेली. भुंग्या आणखी एकदा ताठला, मग सैल पडला. उन्हं कलली तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि गोजरबाईच्या हाताला नाक लावलं.

"दोन दिवस इथंच राहू दे," डॉक्टर म्हणाला. "वाचेल असं दिसतंय."

मग गोजरबाई सुनेकडं वळली. "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी माहेरी घालवलं असतं."

"व्हय. घालवलं असतं." म्हातारीनं थाप मारली नाही. "त्येला औशिद निघालंय ह्ये मला कोन सांगनार? तू तर गुळात दडवून बसलीस! डाक्टर, बरं हुतं का मानूस?"

"मी ढोरांचा डॉक्टर, आजी. पण एवढं ठाऊक आहे, न चुकता गोळ्या घेतल्या तर होतं."

"आन त्या तर ह्या भाड्यानं खाल्ल्या." तिनं मुक्ताचं मनगट धरलं. "ऊठ. आन हैदर, तुझ्या आईला काय सांगू नगं. शिव्या कुडावरनं दिल्यात, माफी बी कुडावरनंच मागते."

शेजारच्या दवाखान्याच्या खिडकीवर रांग होती. गोजरबाई सुनेला ओढत तिथं गेली आणि भसाड्या आवाजात म्हणाली, "माझ्या सुनंच्या क्षयाच्या गोळ्या घ्यायच्यात. सरा."

मुक्ताला धरणी दुभंगावी असं झालं. रांग भिंतीपर्यंत मागं हटली.

"सरा, आनखी सरा," म्हातारी म्हणाली. "तेवढीच जागा झाली."

लेकरू कडेवर घेतलेली एक बाई मात्र हटली नाही. तोंडावरचा पदर किंचित बाजूला करून तिनं हळूच विचारलं, "मौशी, त्या गोळ्या ह्याच खिडकीवर मिळत्यात का?"