साहित्य: धातू, उपयोग: कापणे

मित्रांनो, मी एक जुनी रापी आहे. चामडं कापायच्या आणि तासायच्या सुरीला रापी म्हणतात. तुमच्यातल्या पुष्कळांना हे माहीत नसेल, त्यात तुमचा दोष नाही. ज्या वेबसाइटवर माझ्या जागी येणारी रापी शोधली गेली, तिलाही ते माहीत नव्हतं, आणि ती तर सुऱ्या विकूनच पोट भरते.

एका झिजलेल्या कानशीचं पोलाद तापवून लोहाराने मला घडवलं. माझ्या मालकिणीचे वडील जोडे शिवत. मुलगी जेवणापासून शिवणापर्यंत सगळं डाव्या हाताने करायची. शेजारीपाजारी म्हणायचे, हात बांधून ठेवा, खोड मोडेल. वडिलांनी तिचा हात बांधला नाही. ते लोहाराकडे गेले. रापीचं एक अंग सपाट असतं आणि दुसऱ्या अंगाला धारेकडे उतार असतो. हा उतार उजव्या हाताच्या बेताने काढलेला असला, तर डाव्या हातात तीच रापी चामड्यावरून सरकत नाही, आत घुसते. वडिलांनी उतार दुसऱ्या अंगाला काढून घेतला. लोहाराने थोडी थट्टा केली, पण काम चोख केलं. तेव्हापासून एकतीस वर्षं मी तिच्या हातात आहे. दुसऱ्या कुणाच्या हातात मी कधी धड चालले नाही, याचा मला गर्व आहे.

मालकीण आता दुखऱ्या पायांचे जोडे करते. इस्पितळातून माणसं तिचा पत्ता घेऊन येतात. जोड्याच्या आतल्या अस्तराची कड मी इतकी पातळ करते, की दोन कडा एकमेकींवर चिकटवल्या तरी उंचवटा लागत नाही. एकदा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एका अस्तरावरून तीनदा बोट फिरवलं आणि जोड कुठे आहे ते त्यांना सापडलं नाही. रापीच्या अंगावर मांस चढत नाही, नाहीतर त्या दिवशी मूठभर चढलं असतं.

अशात पोस्टमनकाका आले. चाळीस वर्षं दारोदार पत्रं वाटून ते निवृत्त झाले होते. साखरेच्या आजाराने त्यांचे तळपाय बधिर झाले होते. खडा टोचला तरी त्यांना कळायचं नाही. दुकानातल्या नव्या बुटाची एक शिवण त्यांना चार दिवस घासत राहिली आणि मोजा लाल झाल्यावर घरच्यांच्या लक्षात आलं. त्यात दोन बोटं गेली. जखम भरून यावी म्हणून आता उजवा पाय प्लॅस्टरमध्ये होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की त्या पायाला पुन्हा जखम झाली तर पाय कापावा लागेल. पुढच्या सोमवारी प्लॅस्टर निघणार होतं, आणि पाय थेट आमच्या जोड्यात जाणार होता. हातात दहा दिवस होते. मालकिणीने मऊ चामड्याचा एकच उरलेला तुकडा काढला आणि अस्तर बेतलं.

त्याच दुपारी घात झाला. आमच्याकडे शिलाई मशीन मालकिणीची नणंद चालवते. तोंडाने फटकळ, मनाने चांगली, पण कायम घोड्यावर बसलेली. गोंदाच्या डब्याचं झाकण उघडेना, म्हणून तिने मला झाकणाखाली घालून वर उचकटलं. कट्‌ असा आवाज झाला. माझा खालचा कोपरा तुटला. बारीक काम सगळं त्याच कोपऱ्याने होतं. घासून नवा कोपरा काढता आला असता, पण मग माझ्यात एखाद्या अस्तरापुरतंच पोलाद उरलं असतं.

मालकीण ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "वन्सं, डबा उघडायला घरात चमचे होते."

नणंदेचा चेहरा पडला. लोहाराच्या भट्टीच्या जागी आता गाड्या धुतात. हत्यारांच्या दुकानदाराने सांगितलं, डाव्या हाताची मागवावी लागेल, तीन आठवडे धरा. मग नणंदेने फोन काढला. दोन दिवसांत नवी रापी दारात आणून देते, असं ती म्हणाली आणि तिथून आमचा जीव टांगणीला लागला.

मी फोनच्या शेजारीच पडले होते, म्हणून सगळं पाहिलं. ‘रापी’ लिहिलं तर काहीच मिळालं नाही. ‘चामड्याची सुरी’ लिहिलं तर चामड्याच्या म्यानातल्या भाजीच्या सुऱ्या आल्या. रंग निवडायची सोय होती, भेटीच्या कागदात गुंडाळून घ्यायची सोय होती, हात निवडायची नव्हती. चित्रातली सुरी बोटाएवढी आहे की हाताएवढी, ते कळायला मार्ग नव्हता. एका सुरीखाली माहिती म्हणून एवढंच होतं: साहित्य: धातू, उपयोग: कापणे. एका गिऱ्हाइकाने डबा सुंदर आहे म्हणून पाच तारे दिले होते. दुसऱ्याने पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं, अजून वापरलेली नाही. नणंदेने एका विक्रेत्याला विचारलं, ही डाव्या हातात चालेल का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, हो, ही सुरी हातात धरता येते.

तिसऱ्या दिवशी एक सापडली. पातं रुंद, मूठ आखूड, आणि चित्रात उतार बरोबर डाव्या हाताचा. मालकीण अशी सहजासहजी भुलणारी नाही. तिने मला उचलून पडद्याशेजारी धरलं, उताराला उतार लावून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग म्हणाली, हीच. मला वाईट वाटलं नाही असं सांगितलं तर खोटं होईल.

दोन दिवसांत येणारी रापी चार दिवस नुसती ‘वाटेत आहे’ असं दाखवत राहिली. पाचव्या दिवशी निरोप आला की गिऱ्हाईक घरी नसल्यामुळे माल परत नेला. तेव्हा दोघीही दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. काका रोज दुपारी फोन करून चौकशी करायचे. पार्सलाची हकीकत ऐकून म्हणाले, "वाटेत आहे म्हणजे कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. मी चाळीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो."

शनिवारी सकाळी पार्सल आलं. एका डब्यात दुसरा डबा, त्यात तिसरा. मालकिणीने रापी बाहेर काढली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि ती माझ्या शेजारी धरून पाहिली. उतार उजव्या हाताचा होता.

मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद झाला. आपली जागा गेली नाही, एवढंच मला सुचलं. मग मी मालकिणीचा चेहरा पाहिला आणि माझी मलाच लाज वाटली. सोमवार परवावर आला होता.

नणंद फोनला भिडली. आधी यंत्र बोललं. तुमची गैरसोय समजते, असं ते चार वेळा म्हणालं. मग म्हणालं, धारदार वस्तूचं वेष्टन उघडलं की ती परत घेतली जात नाही. वेष्टन न उघडता धार कशी बघायची, असं विचारल्यावर ते पाचव्यांदा म्हणालं, तुमची गैरसोय समजते. पाऊण तासाने एक खरा माणूस फोनवर आला. नणंदेने तोवर चित्र मोठं करून पाहिलं होतं. पात्यावर कोरलेला आकडा आरशातल्यासारखा उलटा होता. तिने ते सांगितलं. माणसाला ते नवं नव्हतं.

"पान एकसारखं दिसावं म्हणून सगळ्या सुऱ्यांची तोंडं एका बाजूला करतात, ताई. काही चित्रं उलटवावी लागतात. त्याने काय फरक पडतो?"

"एका माणसाच्या पायाचा फरक पडतो," नणंद म्हणाली.

"खरं सांगू का? आमच्या इथे कुणी सुरी हातात घेतलेलीच नाही. आम्हाला फक्त चित्रं येतात."

त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. नणंदेला भांडायचं होतं, पण भांडणार कुणाशी? तिने फोन ठेवला.

मालकिणीने उमेद सोडली नाही. दुपारभर दगडावर घासून तिने नव्या रापीचा उतार दुसऱ्या अंगाला काढला. पाणी काळं झालं, तिची बोटं सोलपटली. मग एका टाकाऊ तुकड्यावर पहिला हात मारला, तर धार कागदासारखी दुमडली. कडक पोलाद फक्त एका अंगाला होतं आणि आता ती धार मऊ लोखंडात पडली होती. हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं, साहित्य: धातू. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे मी लहानपणापासून ऐकत होते. पण बघून, मोजून, शहाणपणाने घेतलेली वस्तूही फसवते, हे त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी मालकिणीने मला हातात घेतलं. तुटका भाग घासून घासून सरळ केला. मुळात मी चार बोटं रुंद होते. आता जेमतेम एक बोटभर पोलाद उरलं. मला दुखलं, पण मी तक्रार केली नाही. नणंदेने चामड्याचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तरी ते एकदा निसटलं. मालकीण म्हणाली, "वन्सं, धरायचं नसेल तर सांगा, पण हलू नका." ती हलली नाही.

दहा-बारा हात मारले की मला धारेच्या पट्ट्यावर घासायचं आणि पुन्हा तासायला घ्यायचं, असं चाललं. कड उजेडाला धरली की पलीकडची खिडकी अंधूक दिसू लागली. एका वळणावर मी अडखळले. मालकिणीने हात जागीच थांबवला. केसभर पुढे गेले असते तर भोक पडलं असतं, आणि तसलं दुसरं चामडं घरात नव्हतं. तिने मला अलगद मागे घेतलं, पुन्हा घासलं आणि बाकीची कड एका श्वासात पुरी केली. नणंद भिंतीकडे तोंड करून रडली.

सोमवारी ऐन वेळी काही कापावं लागलं तर असू द्यावं, म्हणून मालकिणीने मला पिशवीतून इस्पितळात नेलं. प्लॅस्टर निघालं. पाय फिकट आणि सुरकुतलेला होता, दोन बोटांच्या जागी गुळगुळीत कातडी होती. काकांनी जोडा घातला आणि ते लांबलचक वऱ्हांड्यात चालू लागले. अर्धा तास चालायचं होतं. ते छान चालत होते, हसत होते, पण त्यांच्या हसण्याचा कुणाला भरवसा वाटत नव्हता. मागच्या बुटातही ते असेच हसत चालले होते.

मग ते खुर्चीवर बसले. डॉक्टरीणबाईंनी जोडा काढला, मोजा काढला आणि पाय हातात घेतला.

काका म्हणाले, "मला तर काही कळत नाही. तुम्हीच खरं काय ते सांगा."

बाईंनी टाच पाहिली, कडा पाहिल्या, बोटांच्या जागी अंगठ्याने दाबून पाहिलं. घाई केली नाही. मालकिणीची डावी मूठ पिशवीवर आवळलेली मला जाणवत होती.

"लाल नाही," बाई म्हणाल्या. "कुठेच नाही."

मित्रांनो, हत्याराने डबे उघडू नका, काम झालं की पुसून ठेवा, हे तर मी सांगणारच. म्हातारं हत्यार दुसरं काय सांगणार? पण खरं सांगणं वेगळंच आहे. काकांना आपला पाय कळत नाही, म्हणून ते दुसऱ्याच्या बोलण्यावर पाऊल टाकतात. पडद्यावरच्या सुरीवरूनही कुणाला अंगठा फिरवता येत नाही. ती विकत घेणाराही समोरच्याच्या बोलण्यावरच पाऊल टाकत असतो. ज्याला हात लावून बघता येत नाही, त्याला तरी खोटं सांगू नका.

माझ्यात आता आणखी एका अस्तरापुरतंही पोलाद उरलेलं नाही. मालकिणीच्या यादीत चार पाय आहेत. नणंद पुन्हा फोन घेऊन बसली आहे आणि एका चित्राला मोठं करून बघते आहे. त्या चित्रामागे उद्या तुमच्यापैकी कुणी बसलेला असेल, तर त्याला माझी एवढीच विनंती आहे, की ती सुरी एकदा हातात घ्या आणि ती कोणत्या हाताची आहे तेवढं लिहा.