दुपारी वावरात जायचं नाही

पहाटे साडेपाचला वलगावच्या शिवारात दोनशे माणसं सोयाबीनपुढे हात जोडून उभी होती. होय, सोयाबीनपुढे.

आदल्या दुपारी गोपालच्या याच वावरात पानं माना टाकून लोळत होती. पावसाचा थेंब नाही, बावीस दिवस झालेले, आणि शेंगेत दाणा भरायची वेळ. तेव्हा गावात येऊन उतरलेल्या हिरवानंद महाराजांनी पंपात बाटलीभर तीर्थ ओतलं आणि अख्खं वावर फवारून घेतलं. आता प्रत्येक झाड ताठ उभं होतं.

"पान मेलं नव्हतं, रुसलं होतं. आपन मनवलं," महाराज म्हणाले. "पन पथ्य कडक हाय. अकरा दिवस दुपारी वावरात पाय टाकायचा नाई. तवा तीर्थ मुळात उतरत असते. दिवस निघायच्या आत पाहा अन् घरी जा."

बाटल्या हातोहात संपल्या. त्यातली एक माझ्या धाकट्या बहिणीच्या, केशरबाईच्या पदराखाली होती. नवरा गेल्यापासून तीन एकर मुरमाड जमीन ती एकटी कसते. त्या सोयाबीनवर तिच्या लेकीचं, प्रतीक्षाचं अमरावतीतलं नर्सिंगचं दुसरं वर्ष अवलंबून होतं.

आठवडाभर आधी कृषी सहाय्यक वर्षाली ग्रामपंचायतीत सांगून गेली होती: दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, सकाळी किंवा सांजेला फवारा. अकरा जण आले होते. एकानं विचारलं, "म्याडम, ग्यारंटी हाय का?" ती म्हणाली, "नाही. ताण सोसायला मदत होते, एवढंच." झालं, उठले सगळे. खरं बोलणाऱ्याची हीच पंचाईत.

मी देवमन, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. केशरला म्हणालो, "वर्षालीनं सांगितलं ते फवार."

"तीर्थावर दुसरं काई चालत नाई, भाऊ. अन् तू बी दुपारी जाऊ नको वावरात. तुले माही आन हाय."

दर रविवारी बुद्धविहारात वंदनेला बसणारी माझी बहीण! चिडलो, घरी येऊन ताट सरकवलं. पण तिची आन मोडली नाही.

नवव्या दिवशी पहाटेही तिची झाडं उठली नाहीत. खाली शेंगांचा सडा. ती धावत महाराजांकडे गेली, मी मागे.

"दुपारी कोन गेल्तं वावरात?" महाराजांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"कोनीच नाई, महाराज."

"मंग दुपारी तिकडं तुही नजर गेली असन. एकटी बाई, मन थाऱ्यावर नसते."

आणि गावानं माना डोलावल्या. माझ्याच गावानं! तेव्हा माझं डोकं फिरलं. दुपारी एक वाजता त्याच लोकांना मी गोपालच्या वावरात नेलं, जिथं त्यांनी हात जोडले होते. पानं लोळत होती. बांधापलीकडे केशवरावांचं वावर, तीर्थाचा थेंबही न पडलेलं. तिथंही लोळत होती.

"आता उद्या पहाटे दोन्हीकडं पाहा," मी म्हणालो.

पहाटे दोन्हीकडची झाडं उभी होती. उन्हात पान पाणी सोडतं, तेवढं मूळ पुरवू शकत नाही, म्हणून पान लोळतं. रात्री खर्च थांबतो, मूळ गाठून घेतं, पान उठतं. जमिनीत ओल असेतो हे रोज चालतं. मुरमाड जमिनीतली ओल आधी संपते, म्हणून केशरचं पीक आधी गेलं. बाटलीत नुसतं विहिरीचं पाणी असतं तरी हेच घडलं असतं.

जन्म वावरात गेलेल्या या लोकांना हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण दुपारी पाहायचंच नाही म्हटल्यावर कोण कशाला आठवतो! महाराज रात्रीतूनच गाव सोडून गेले होते. कुणी शोधलं नाही, कुणी केशरची माफीही मागितली नाही.

वर्षाली आली. शेंग उकलून पाहिली. "ताई, तेव्हा फवारलं असतं तर थोड्या शेंगा टिकल्या असत्या. आता उपयोग नाही."

केशर मला म्हणाली, "भाऊ, तुले तं मालूम होतं. मंग पयल्याच दुपारी काहून नाई गेला?"

"तू आन घातली होती."

"मी अडानी, मी घातली. तू काहून आयकली?"

प्रतीक्षा सध्या घरीच आहे. तुम्हाला सांगतो: जिथं पाहू नका असं कुणी बजावतो, तिथं त्याच दिवशी जा आणि डोळे उघडे ठेवून पाहा. घरचं माणूस रुसलं तरी जा.