बशीतलं पाणी

मी लेबल बोलतोय. हो, लेबल, टपालाचं तिकीट नाही. थोडक्यात सांगतो, कारण वेळ नाही. समोर बशी आहे, बशीत कोमट पाणी आहे आणि मी चिमट्यात धरलेला आहे.

माझं बेट टीचभर. तिथे टपाल कचेरी नाही. एक दीपगृह, थोडी घरं आणि दोरखंड-रॉकेल विकणारं एक दुकान, एवढाच त्याचा संसार. बेटावरची पत्रं एक नावाडी होडीतून पलीकडच्या बंदरात पोचवतो. त्याच्या मेहुणीचा छापखाना आहे. औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या छापून उरलेल्या स्वस्त निळ्या शाईत तिने मला छापलं. मधोमध एक पक्षी, खाली बेटाचं नाव. कडेची भोकं तिने शिलाई मशीनवर पाडली, सुईत दोरा न ओवता.

दिसायला मी हुबेहूब तिकीट. पण टपालखात्यात मला कुत्रं विचारत नाही. माझी जागा पाकिटाच्या पाठीवर, नुसती आठवण म्हणून. पुढचं खरं तिकीट नावाडीच बंदरात गेल्यावर लावतो.

मला त्या दुकानातून घेतलं एका खलाशाने. तो मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळायचा आणि प्रत्येक बंदरातून घरी पत्र टाकायचा, कारण त्याच्या बाबांना तिकिटांचं वेड. मला बघून तो हसायला लागला. "बाबा हे बघून असे भडकतील ना," तो दुकानदाराला म्हणाला. मग मला जिभेने ओलं करून पाकिटाच्या मागच्या कोपऱ्यावर चिकटवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. अंगठा तेलकट होता. त्याचा डाग माझ्या पक्ष्याच्या शेपटीवर अजून आहे.

बाबा घड्याळजी. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. त्यांची पद्धत ठरलेली. पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट पाण्यात भिजवायचा, डिंक सुटला की तिकीट टिपकागदावर वाळवायचं आणि मग अल्बममध्ये लावायचं. आंघोळ केल्याशिवाय त्या अल्बममध्ये कोणाला प्रवेश नाही.

माझ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "हे काय? काड्यापेटीवरचं चित्र? एवढी वर्षं शिकवतोय पोराला, तरी असला माल गळ्यात मारून घेतो." पाकिटाच्या पुढचं खरं तिकीट न्हाऊन-धुऊन अल्बममध्ये गेलं. मी कागदाच्या तुकड्यासकट मोडक्या स्प्रिंगांच्या डब्यात पडलो. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आता वाटतं, तेच माझे सुखाचे दिवस होते.

ते पत्र शेवटचं ठरलं. बोट परत आली नाही. शोधणाऱ्यांना एक फळी सापडली, माणसं सापडली नाहीत. बाबा दुकान उघडत राहिले, पण भिंग लावून नुसते बसून असायचे. समोरचं घड्याळ तसंच उघडं पडलेलं असायचं.

आज दुपारी त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. स्प्रिंगांमध्ये बोटं फिरवत मला शोधून काढलं. शेपटीवरच्या डागावर त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवला आणि रडले.

"याला पहिल्या पानावर लावतो," ते खलाशाच्या आईला म्हणाले.

"अहो, मग तसंच लावा ना, कागदासकट."

"अगं, असं कोणी लावतं का? बाकीची तिकिटं कशी नीट आहेत. हेही तसंच नीट लागलं पाहिजे. आधीच फार अपमान केलाय मी याचा."

बाबांनी बोट बुडवून पाणी बघितलं.

बाबा, ऐका हो. तुम्ही जन्मभर खऱ्या तिकिटांना पाणी दाखवलंत, लेबलाला कधी हात लावला नाहीत. माझी शाई कच्ची आहे, पाणी लागलं की उतरते. आणि शाईचं एक वेळ जाऊ द्या. तुमच्या अल्बमभर त्याने लावलेली तिकिटं आहेत, सगळी स्वच्छ धुतलेली. त्याची जीभ लागलेला डिंक आता एकट्या माझ्या पाठीला उरलाय. तोही सुटेल आणि बशीतल्या पाण्याबरोबर मोरीत जाईल.

मला पहिलं पान नको. मला नकली म्हणा, शिव्या द्या, पुन्हा डब्यात टाका. पाण्याने त्याला नेलं, हे एवढंसं तरी पाण्याला देऊ नका.

चिमटा खाली आला. माझा एक कोपरा बुडालाच. भिंगावर पाणी साचलंय, बाबांना धड दिसत नाहीये.

"अहो," आई वाकून बघतेय, "पाणी निळं का होतंय?"

हात थांबलाय. पण कोपरा अजून पाण्यातच आहे. बाबा, मला वर उचला.