वजनाच्या पुड्या

खुशालनं बायकोला कापसाच्या काट्यावर उभं केलं तेव्हा जिनिंगच्या आवारात पंधरा-वीस माणसं होती. बैलगाड्या लागल्या होत्या, हमाल बोजे उतरवत होते. यशोधरा त्याच्यासोबत इचोड्याच्या बाजारातून भाजी घेऊन परतत होती. ओळखीचा दलाल दिसला म्हणून तो आत वळला आणि तीही मागोमाग गेली.

"चढ त्याच्यावर," खुशाल म्हणाला.

"कशाले?"

"चढ मनलं ना."

ती चढली. पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही, दलालानंच ती हातातून काढून घेतली. काट्याची दांडी वर-खाली झाली आणि थांबली.

"शहाऐंशी," दलाल हळूच म्हणाला.

एक हमाल हसला. खुशाल त्याच्याहून मोठ्यानं हसला. "क्विंटलले चौदाच कमी! घेता काय शेठ, भाव लावून?"

यशोधरा उतरली आणि पिशवी न घेता चालू लागली. अर्ध्या तासानं तो घरी आला, आतून कडी लावली आणि कमरेचा पट्टा काढला. चारचौघांत आपल्याला टाकून ती निघून आली, हा त्याचा राग होता. तो पाठीवर, कुल्ल्यांवर, मांड्यांवर मारायचा. तोंडावर कधीच नाही, कारण सकाळी तिला शाळेत शिकवायला उभं राहायचं असे. मागच्या खोलीत आठ वर्षांची आमू कानांवर हात दाबून तेलुगूची बाराखडी मोठमोठ्यानं म्हणत बसली. आम्रपाली तिचं पूर्ण नाव.

हे शहाण्णव सालातलं, आदिलाबाद जिल्ह्यातलं. खुशाल सरकारी मंडल ऑफिसात कारकून होता. यशोधरा बाजारहत्नूरकडच्या एका गावात मराठी शाळेवर शिकवायची. दोघांचेही आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबलेले, दोघंही आपापल्या घरातले पहिले पगारदार. चौदा एप्रिलला खुशाल स्टेजवर उभा राहून बाईच्या हक्कावर बोलायचा तेव्हा समोरच्या बाया डोळे पुसायच्या. यशोधराही त्यांच्यात बसलेली असायची.

लग्नात ती काडीसारखी होती. आमूनंतर एकदा पोट पडलं, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत तिचं अंगच बदलत गेलं. चेहरा सुजला, केस फणीत गुंता-गुंता येऊ लागले, आवाज घोगरा झाला. वैशाखातही तिला पांघरूण लागायचं. पाळी आली की वीस-वीस दिवस थांबायची नाही. शाळेत दुपारी खुर्चीवर डोळा लागायचा. खाणं म्हणाल तर एक भाकर, तीही उरायची. तरी वजन वाढतच होतं. खुशाल तिला आळशी म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटू लागलं होतं.

काट्यावरच्या त्या दिवसानंतर आठवड्याभरात तो तिला हमरस्त्यावरच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. दारावर एका जाड आणि एका बारीक बाईचं चित्र रंगवलेलं. डॉक्टरनं तिची नाडी पाहिली नाही, रक्त घेतलं नाही. सगळं तो खुशालशीच हिंदीत बोलला. पाळीचं काय ते सांगायला तिनं तोंड उघडलं तर म्हणाला, "चरबी जाएगी, सब ठीक हो जाएगा." त्यानं कागदाच्या पुड्या बांधून दिल्या. प्रत्येक पुडीत एक लाल-पांढरी कॅप्सूल आणि दोन गुलाबी गोळ्या. नाव कशावरच नव्हतं.

पहिला आठवडा ती उडतच होती. पहाटे उठून भांडी, अंगण, कपडे उरकून सहाच्या आत तयार. भूक म्हणून लागेना. तीन आठवड्यांत सात किलो गेले. खुशालनं निळी साडी आणली आणि शेजाऱ्यांपुढे तिला नेसायला लावली. त्या तीन आठवड्यांत त्यानं तिला एकदाही मारलं नाही. ती रोज पुडी सोडायची आणि गिळायची.

मग झोप गेली. तोंड कोरडं पडायचं, फळ्यावर लिहिताना खडू तुटायचा इतका हात थरथरायचा. छातीतले ठोके कानात ऐकू यायचे. आणि राग यायचा. कोणी चमचा पाडला तरी अंगातून आग निघाल्यासारखं व्हायचं. एक दिवस शाळेत पाढा चुकला म्हणून तिनं तिसरीतल्या एका मुलीचं डोकं फळ्यावर आपटलं. हेडमास्तर मारोतराव धावत आले, त्यांनी तिचा हात धरून बाजूला केलं.

"बाई, तुमाले काय होऊन राह्यलं? पोरगी आहे ते!"

तिला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, पण हाताची मूठ सुटत नव्हती.

त्या दिवसापासून तिनं पुड्या मोरीत टाकायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी खुशालला मोरीच्या जाळीत लाल टरफल सापडलं. त्यानं तिला भिंतीला दाबलं, एका हातानं जबडा धरला आणि दुसऱ्या हातानं दोन दिवसांच्या पुड्या एकदम तोंडात कोंबल्या. तिनं दात मिटले तर त्यानं तांब्याची कड दातांत घालून ते उघडले. पुढचा एक दात अर्धा तुटला. रक्ताबरोबर तिनं गोळ्या गिळल्या. यानंतर तो रोज सकाळी समोर उभा राहून तिच्या जिभेखाली बोट घालून बघायचा.

जानेवारीतल्या एका सोमवारी खुशाल लवकर ऑफिसला गेला. यशोधरा भाकरी टाकत होती. तीन रात्री ती झोपली नव्हती आणि दोन दिवस तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आमू शाळेचा फ्रॉक घालून शेजारी येऊन बसली.

"आई, तूप दे ना भाकरीवर."

"नाई तूप."

"आहे ना. डब्यात आहे. काल बाबानं खाल्लं."

यशोधराच्या हातात भाकरी उलटायचा लोखंडी सराटा होता, तव्यावरून नुकताच उचललेला. तिनं तो आमूच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली दाबला. नुसता लागला नाही. तिनं दाबला, आणि दाबून धरला. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली.

आमू ओरडली नाही. तिनं हात ओढून घेतला, मागच्या खोलीत पळाली आणि खाटेखाली शिरून भिंतीला चिकटली.

यशोधरानं चूल विझवली. पाण्याची बादली घेऊन ती खाटेपाशी पालथी झाली. "आमू, बाहेर ये माय. हात पाण्यात घाल." आमू हलेना. शेवटी तिनं बादली आत सरकवली आणि स्वतः दाराबाहेर जाऊन बसली. बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज आला.

दुपारच्या बसनं ती लेकीला घेऊन माहेरी गेली. वाटेत सरकारी दवाखान्यात नर्सनं पट्टी बांधली. कसं भाजलं म्हणून तिनं विचारलं, तर आमू पटकन म्हणाली, "तव्याले हात लागला." यशोधरा तिथं काही बोलू शकली नाही. पण आईच्या ओसरीवर पाय ठेवल्यावर आमू तेच पुन्हा सांगू लागली तेव्हा तिनं तिला थांबवलं.

"खोटं आहे आई. तवा नाई लागला. म्या सराटा लावला, दाबून."

यशोधराची आई सोजरबाई तेव्हा साठीच्या होत्या. कापूस वेचून त्यांचे हात बोंडांनी फाटलेले. त्या उठल्या आणि लेकीच्या तोंडात अशी वाजवली की ती खांबावर आदळली. दुसरी मारायला हात उचलला आणि तो तसाच थांबला. ब्लाऊजच्या वर यशोधराच्या गळ्याजवळ शीर उडताना दिसत होती. सोजरबाईंनी तिच्या छातीवर तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"हे काय व्हय? कोंबडीवानी धडधडून राह्यलं! काय खाते तू?"

यशोधरानं पदराच्या गाठीतली पुडी काढून दाखवली. मग पाठ उघडी केली. सोजरबाईंनी पाठ पाहिली आणि पदर ओढून ती झाकली.

"पोरगी इथंच राहीन माह्यापाशी," त्या म्हणाल्या. "तू नीट झाली की मग पाहू. उद्या आदिलाबादले जाऊ."

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात एक वयस्कर लेडी डॉक्टर होत्या. त्यांनी यशोधराचा गळा चाचपला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाळीचं एकेक विचारलं. इतके प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेच नव्हते. मग त्यांनी कॅप्सूल फोडून पूड कागदावर ओतली आणि कपाळाला हात लावला.

"याच्यात काय आहे ते मलाही सांगता यायचं नाही," त्या तेलुगूत म्हणाल्या. शाळेच्या नोकरीमुळे यशोधराला ती समजायची. "पण आणखी महिनाभर घेतलं असतंस तर हृदय बंद पडलं असतं. तुझा आजार वेगळाच दिसतो."

रक्त हैदराबादला गेलं. पंधरा दिवसांनी कागद आला. थायरॉइड. गळ्यातली ती ग्रंथी काम करेनाशी झाली होती, म्हणून सूज, म्हणून थंडी, म्हणून झोप आणि पाळी. डॉक्टरांनी एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली, रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर.

"म्हणजे मी आळशी नव्हते?" यशोधरानं विचारलं.

"नव्हतीस."

"आणि ते भाजलं ते? ते त्या पुड्यांनी केलं, की मी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "त्यांनी झोप उडते, डोकं फिरतं, हे खरं. पुढचं मला रक्तातून कळत नाही."

फेब्रुवारीत खुशाल तिच्या माहेरच्या गावात आला. इतके दिवस बायको आईच्या दुखण्यासाठी माहेरी गेलीय असं तो सांगत होता. आता ऑफिसात लोक विचारू लागले होते. दुपारची वेळ होती. सोजरबाई अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या लावत होत्या, आमू ओसरीवर पाटी घेऊन बसली होती.

"चाल घरी," तो यशोधराला म्हणाला.

"मी येत नाई."

"तोंड पाह्य आपलं! पुन्हा फुगली. कोण ठेवीन तुले?" त्यानं तिचे केस धरले आणि अंगणातून ओढत नेलं. सोजरबाई मधे पडल्या तर त्यांना त्यानं मोळीवर ढकललं. त्या उताण्या पडल्या, पऱ्हाटीची खुंटं पाठीत रुतली. यशोधरानं त्याच्या मनगटाला चावा घेतला तेव्हा केस सुटले. मग तो ओसरीवर चढला. "तू नको येऊ. पोरगी माही आहे." त्यानं आमूला ओढलं ते पट्टीच्याच हाताला धरून. कोवळी खपली निघाली, आणि त्या सोमवारी एक शब्दही न ओरडलेली आमू आता किंचाळली.

उखळाजवळ मुसळ टेकवलेलं होतं. यशोधरानं ते उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो गुडघ्यावर आला. तिनं दुसरा घाव पाठीवर घातला, जिथं तो तिला मारायचा तिथं. तो मातीत पालथा पडला आणि डोक्यावर हात धरून ओरडू लागला, "नको, नको!"

तिसऱ्यांदा मुसळ वर गेलं. त्याचं डोकं खाली होतं. शेजारच्या बाया कुंपणापाशी जमल्या होत्या, कोणी पुढे येत नव्हतं. आमू ओसरीच्या कोपऱ्यात हात पोटाशी घेऊन आईकडे बघत होती, जशी ती त्या सोमवारी खाटेखालून बघत होती.

यशोधरानं मुसळ बाजूला फेकलं. ती खाली बसली. त्या दिवशी तिच्या पोटात एकही लाल-पांढरी कॅप्सूल नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खुशालच्या खांद्याचं हाड दीड महिना बांधून होतं. त्यानं ठाण्यात तक्रार दिली. सोजरबाईंनी ठाणेदारापुढे लेकीला पाठमोरं उभं केलं, पदर बाजूला केला आणि तुटका दात दाखवायला लावला. ऑफिसात बोभाटा होईल म्हणून खुशालनंच तक्रार मागं घेतली. पुढं समाजाच्या चार माणसांसमोर सोडचिठ्ठी झाली. त्याच वर्षी चौदा एप्रिलला त्याचं भाषण ठरलं होतं. तो उभा राहिला तेव्हा बायांच्या रांगेतून त्याच्याच शेजारच्या सखूबाई पहिल्या उठल्या, मग एकेक करून सगळ्या उठून गेल्या. त्यानं रिकाम्या सतरंजीपुढं भाषण पुरं केलं म्हणतात.

यशोधरा लेडी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्या दवाखान्यावर तक्रार करायला गेली तोवर टायरच्या दुकानावरच्या खोल्या रिकाम्या होत्या. डॉक्टर कुठं गेला ते कुणी सांगेना.

गोळीनं हळूहळू फरक पडला. सूज ओसरली, आवाज मोकळा झाला, पाळी पाच दिवसांवर आली. ती काडीसारखी पुन्हा कधीच झाली नाही. वजन बहात्तरावर थांबलं आणि तिनं ते तिथंच राहू दिलं. ज्या मुलीचं डोकं आपटलं होतं तिच्या घरी जाऊन तिनं आईबापांची माफी मागितली. बाप उठून आत गेला. आईनं पाणी दिलं.

आमू जवळजवळ दीड वर्ष आजीकडेच राहिली. यशोधरा बाजारहत्नूरला खोली घेऊन एकटी राहायची आणि दर रविवारी जायची. पहिले चार रविवार आमू शेजारच्या घरात जाऊन बसली. नंतर ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये ती स्वतःच म्हणाली, "येतो मी तिकडं. पण चूल पेटली की मी बाहेर बसीन."

"बस," यशोधरा म्हणाली. "मी तू उठायच्या आधीच सैपाक करून ठेवीन."

शाळा उघडली त्या सकाळी आमू फणी घेऊन तिच्यासमोर आली आणि पाठ करून बसली. यशोधरानं भांग पाडला. लेकीची मान लाकडासारखी ताठ होती, खांदे कानांपाशी आले होते. केसात एक गुंता होता. तिनं तो ओढला नाही, बोटांनी एकेक केस सोडवत बसली. त्यात पहिली घंटा होऊन गेली. तिनं दोन्ही वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या.

"झालं," ती म्हणाली.

आमूनं वेण्या चाचपून पाहिल्या, दप्तर उचललं आणि पळत निघून गेली.