पोस्टकार्डावरची बाई

१९५९ साली डॉक्टरेटसाठी जर्मनीत कार्ल्सरूहेला निघालो, तेव्हा माझी बायको स्नेहलता सहा महिन्यांची गरोदर होती. मुलगा आता दोन वर्षांचा झाला. मी त्याला अजून पाहिलेलं नाही. मध्यंतरी इथल्या प्रदर्शनात एका इम्प्रेशनिस्ट चित्रकर्तीची चित्रं लागली. सगळीकडे आया आणि मुलं, बाप औषधालाही नाही! चिडलो, तरी त्यातल्या एका चित्राचं पोस्टकार्ड घरी पाठवलंच.

आज बायकोचं उत्तर आलं. ‘अहो, तुमचं कार्ड आलं की मी “बाबा आले” म्हणत बाळाला दाखवते. आता तो या कार्डावरच्या बाईलाच बाबा समजून तिचे पापे घेतो. समजावू, की राहू दे?’

पत्र खिशात घातलं; प्रदर्शन अजून चालू होतं. पुन्हा प्रदर्शनात जाऊन त्या चित्रासमोर उभा राहिलो. बाईच्या कुशीतल्या पोराने माझ्याकडे पाठ केली होती.