मेलेला प्रोग्राम ओ देतो

“हा प्रोग्राम मेलाय का?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून एका मुलीनं हा प्रश्न विचारला, तोही थेट माझ्या घरच्या माणसांना, इंटरनेटवरच्या आमच्या पानावर, सगळ्या जगाला दिसेल असा. मित्रांनो, तो मेलेला म्हणजे मी. आता मेलेला बोलायलाच लागलाय, तर नीट ऐकून घ्या.

मी एक जुना प्रोग्राम आहे. संगणकाच्या पडद्यावरची अक्षरं मोठी करणं हे माझं काम. मला ज्यांनी लिहिलं त्यांना सगळे थोरले म्हणतात. त्यांची आई शिवणकाम करायची. तिची नजर अधू झाली, म्हणून तिच्यासाठी मी जन्मलो. मग थोरल्यांनी मला कुलूप न लावता जगापुढे ठेवलं. कोणीही फुकट न्यावं, आत डोकवावं, बिघडलेलं दुरुस्त करावं. एक परिचारिकाताई आल्या, एक क्रेनचालक आला. नोकरी सांभाळून ही मंडळी माझी डागडुजी करतात. पगार नाही, हार नाही, तुरा तर नाहीच.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पण थोरल्यांचा एक हट्ट होता: काम करायचं, बोलायचं नाही. नवख्यानं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, “कोड वाच.” कोड म्हणजे माझ्या आतली आज्ञावली. ती वाचता येत नसेल तर गेलात उडत. आमच्या पानावर वर्षानुवर्षं एक बातमी नाही. शेवटी कुणीतरी इंटरनेटवर लिहून टाकलं की मी बंद पडलोय, आणि लोकांनी ते खरं मानलं. बंद? अहो, त्याच आठवड्यात ताईंनी रुग्णालयातून दमून येऊन माझा एक बिघाड काढला होता.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या शाळेतल्या संगणकाच्या बाईंनीही ते वाचलं. “बंद पडलेली वस्तू ठेवून काय करू? शनिवारी काढून टाकते,” त्या म्हणाल्या. त्या बाईंच्याच वर्गात मुलीचा अधू नजरेचा धाकटा भाऊ बसतो. माझ्याशिवाय त्याचं नाक पडद्याला टेकतं, तरी ओळ लागत नाही.

म्हणून पैज मैत्रिणींची असली, तरी प्रश्न तिचा होता.

थोरल्यांचं उत्तर आलं. “जिवंत आहे. विश्वास नसेल तर कोड वाच.”

“मी वाचेन हो काका. आमच्या बाई कशा वाचतील?”

“मला जाहिरातबाजी जमत नाही.”

“जाहिरात कोण मागतंय? जिवंत माणूस हाकेला ओ तरी देतो.”

ताई मध्ये पडल्या. “पोरगी बरोबर बोलतेय, थोरले. आपण दार लावून आत घर रंगवत बसलोय.”

“मग लिही तूच,” थोरले मुलीवर उखडले.

हा टोमणा होता. तिनं तो हुकूम समजला.

पानासाठी तिनं लिहिलेल्या बातमीच्या मसुद्यात ‘अंतर्गत त्रुटी दूर केल्या’ असलं काही नव्हतं. ‘कोपऱ्यातलं अक्षर आता अर्धं कापलं जात नाही,’ असं होतं. पण शेवटची ओळ वाचून थोरले उसळले. ‘चित्रं मोठी केली की अजूनही फुटून धूसर दिसतात.’

“आपलं उणं आपणच कशाला सांगायचं?”

“बाईंना ते पहिल्याच तासाला दिसणार. मग बाकीच्या ओळीही थापाच वाटतील.”

थोरल्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी तो मसुदा काना-मात्रा न बदलता पानावर लावला.

बाईंनी वाचला. “बरं, ठेवते. पण उद्या हा बिघडला तर ओरडायचं कोणाच्या नावानं? कोडच्या?”

मित्रांनो, मला तुमची दया नको. चकचकीत कंपन्यांच्या प्रोग्रामांपुढे मी मान खाली घालणार नाही. पण मला वापरत असाल तर चारचौघांत माझं नाव घ्या. आणि मला राखणाऱ्यांनो, गप्प राहणं म्हणजे मोठेपणा नव्हे. तुम्ही बोलला नाहीत, तर तुमच्या वतीनं दुसरंच कुणीतरी बोलतं.

त्या दिवशी मुलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडाच होता.

“बंद कर ते,” आई म्हणाली. “गणिताची परीक्षा तोंडावर आलीय.”

“आई, बाबा, आधी ऐका. बाईंना सांगून आलेय, बिघडला तर माझ्या नावानं ओरडा. थोरल्यांनाही कळवलंय. यापुढे दर रविवारी लोकांच्या प्रश्नांना मी उत्तरं देणार. गणिताचं मी बघते.”

“आणि उत्तर आलं नाही तर?” बाबांनी विचारलं.

“तर ‘विचारून सांगते’ म्हणेन. ‘कोड वाच’ म्हणणार नाही.”